वरच्या खुणेपाशी थांबणारा हात

वहिनी गेल्याचा निरोप मला नवापूरला मिळाला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ताट तसंच सारलं आणि गावी रनाळ्याला निघालो. पोचलो तेव्हा ओट्यावर माणसांची दाटी होती आणि जो तो तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीबद्दल बोलत होता. त्या आठवणी खऱ्याच. पण माझ्या डोळ्यांपुढे तिचे ते हात काळ्या तेलानं कोपरापर्यंत माखलेले होते...

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. आमच्या वडिलांनी, आबांनी, हौसेनं घेतलेली मोटार होती आणि तिची निगा राखणारा ड्रायव्हर फौजेत भरती झाला होता. थोरले दादा गाडी चालवायला शिकले, पण इंजिनाचं आम्हा भावांना काही कळत नव्हतं. जनावराला ढेप कमी पडू नये तसं, येता-जाता ज्याच्या मनात येईल तो इंजिनात थोडं ऑइल ओतायचा. मीही ओतलं. हळूहळू गाडी निळा धूर ओकू लागली. इंजिन संपलं, असं गावानं ठरवून टाकलं. आबांनी गाडी विकायचं मनावर घेतलं. फक्त खांडबाऱ्याला भाचीच्या लग्नाला एकदा तिच्यातून जायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

वहिनी, म्हणजे थोरल्या दादांची बायको, नंदुरबारची. तिच्या वडिलांची प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार होती, तिचं बालपण त्या मोटारीभोवतीच गेलं. पण त्या काळी सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. तिनं आईच्या तोंडून विचारलं, गाडीला हात लावू का? आबाही आईलाच म्हणाले, "तिले सांग, देखी ले."

तिनं आधी गाडी ढकलत खळ्यावर न्यायला लावली, कारण तिथली जमीन सपाट होती. इंजिन तापवून बंद केलं, खालचा नट सोडला. घमेलं भरलं तरी काळं तेल वाहतच होतं. गरजेपेक्षा जास्त तेल झालं की ते आत घुसळलं जातं आणि जळून त्याचा धूर होतो, हे तिनं दादांना समजावलं. मग नवं तेल ओतताना ती मध्येच थांबे, तेल मोजायची आतली दांडी काढून पुसे, पुन्हा घालून बघे. लग्नाला निघायची घाई झालेली. दादा म्हणाले, "लांब जानं शे, आख्खा डबा वती दे."

"नही. जास्त व्हयनं तरी त्रास, कमी व्हयनं तरी त्रास. वरनी खूण शे ना, तठेच थांबानं."

तेल खुणेला टेकलं. आम्ही बसायला सरसावलो, तर तिनं इंजिन सुरू करायला लावलं, बंद करायला लावलं आणि पुन्हा वाट बघत उभी राहिली. आता दांडीवर तेल खुणेच्या किंचित खाली आलेलं. दादा वैतागले, मघाशी तर बरोबर होतं!

"तवय इंजिन कोरडं व्हतं," ती म्हणाली, "आते तेल सगळीकडे फिरनं." आणि तिनं अगदी बेतानं थोडीशी धार सोडली.

नटूनथटून उभी असलेली मंडळी कुजबुजू लागली. तेव्हा आबांचा आवाज आला, "ती सांगत नही तोवर कोनी बसानं नही."

वहिनीनं दांडी पुन्हा पाहिली, हात पुसले, पदर सावरला आणि मान हलवली.

सुरुवातीला थोडा धूर आला, आत साचलेलं जळत होतं. नंदुरबार मागे पडलं तसा तोही विरला. वाटेत गाडी थांबवली तेव्हा आबा उतरले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईला मध्ये न घालता तिला म्हणाले, "पोरी, जरा देखी ले."

तिनं पाहिलं. तेल खुणेवर होतं.

खांडबाऱ्याच्या मांडवात आबांनी नवरदेवाची चौकशी नंतर केली. भेटेल त्याला आधी सुनेचं कौतुक सांगितलं, "मन्ही वहूनी गाडी नीट करी." ते सांगताना त्यांची मान अशी ताठ होती, की मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, आपली वहिनी म्हणून. गाडी पुढं कितीतरी वर्षं घरात राहिली.

पुढं मी गाडी घेतली. रनाळ्याहून निघताना वहिनी दर वेळी ओट्यावर यायची. मी इंजिन सुरू करायचो, ती मान किंचित कलती करून ऐकायची आणि मग हातानं 'जा' म्हणायची. कधी कधी बोट वर करून थांबवायचीही.

परवा दिवसकार्य आटोपून निघालो. इंजिन सुरू केलं आणि बसून राहिलो. ओटा रिकामा होता. घरातून कुणीतरी विचारलं, काही राहिलं का? नाही म्हटलं... इंजिनाचा आवाज मीच थोडा वेळ ऐकला, आणि गाडी हलवली.