ताटाची डावी बाजू

माझ्या सासरी ताटाच्या डाव्या बाजूला फार मान. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. चंदीगडात आमचा जन्म गेला, मुलं हिंदीत भांडायला लागली, पण चटणीची जागा चुकली की हे खेकसलेच! "अगं, ताट वाढलंयस की सामान टाकलंयस?" सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत केसाएवढी मापं घेणारा माणूस, घरी तरी दुसरं काय करणार?

मीही कायम यांच्या डावीकडेच. गाडीत, टेबलाशी, लग्नाच्या पंगतीत.

मागच्या हिवाळ्यात यांच्या मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. बोलणं शाबूत राहिलं. डोळेही ठणठणीत आहेत, पण डावीकडे जग आहे हेच यांचा मेंदू विसरला. भाताचा उजवा अर्धा खातात आणि "संपला" म्हणतात. दाढीसुद्धा अर्धीच करतात.

व्यायाम शिकवायला येणारी पंजाबी पोरगी गोड आहे, पण कडक. "आंटीजी, थाली घुमानी नहीं. आप लेफ्ट में ही बैठना, पक्का!" डावीकडून हाका मारत राहिलं, तर हळूहळू मान वळेल म्हणते.

म्हणून बसते मेली मी, यांच्यापासून वीतभर अंतरावर. हाक मारली की हे उजवीकडे वळून खिडकीला उत्तर देतात. आता खरं सांगू? मला त्या खेकसण्याची आठवण येते. एकदा माझ्याकडे बघून खेकसा हो, एवढंच वाटतं.

काल लसणाची चटणी केली होती. डाव्या बाजूला तशीच पडून होती.

"आज चटणी नाही वाटतं?"

"आहे की. इकडे बघा, डावीकडे."

यांनी खिडकीकडे बघितलं. "स्वयंपाकघरातूनच काय बोलतेस? इथं येऊन बस ना जरा. रोज एकटाच जेवतोय मी."

मग मला राहवलं नाही. खड्ड्यात गेला तो नियम! खुर्ची उचलली आणि उजवीकडे जाऊन बसले.

"आलीस!" काय चेहरा फुलला यांचा. माझ्याकडे बघत बघत जेवले. मीही पोटभर बघून घेतलं.

हात धुऊन झाल्यावर मी खुर्ची परत डावीकडे न्यायला उचलली.

"लगेच निघालीस?" हे म्हणाले.