आईच्या शिक्षणाचा रकाना

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी लाजत सांगत नाही, छाती पुढे काढून सांगते. असोद्याहून रोज बसने जळगावला कॉलेजला जायचे. पुढे केळीची गाडी लागली की बस मुंगीच्या पावलाने चालायची, आणि मी दांड्याला धरून उभ्या उभ्या वही वाचायचे. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा गावाने सत्कार केला. माईक हातात आल्यावर मी म्हणाले, "माझी आई अंगठा उठवते, आणि तिची लेक आज पदवीधर झाली." टाळ्या थांबेनात. समोर बायकांमध्ये आई बसली होती. पदराने डोळे पुसत तीही टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर ते वाक्य माझं ठरूनच गेलं. धुळ्यात शाळेवर लागले, तिथल्या पहिल्या पालकसभेत बोलले. सासरी बोलले. कुठेही उभं केलं की बोलायचे.

गेल्या वर्षी आम्हा शिक्षकांना घरोघरी जाऊन माहिती भरायचं काम लागलं. कुटुंबात माणसं किती, वय काय, शिक्षण काय. धुळ्यातल्या तीन वस्त्या माझ्या वाट्याला आल्या. कोणत्या वस्तीत शिक्षणाच्या रकान्यात काय निघणार, हे मी घरातून निघतानाच मनात भरून टाकलं होतं. खोटं कशाला सांगू? जमीनजुमलावाल्या, आमच्यासारख्या शेतकरी घरांची आळी सगळ्यात पुढे असणार, आणि बाकीचे आमच्या मागे.

पहिल्याच दिवशी बौद्ध वस्तीत जन्मभर हमाली केलेले एक बाबा भेटले. मी पेन उघडलं तर म्हणाले, "थांबा बाई. तोंडी नको, कागद बघून लिहा." आत जाऊन प्लास्टिकची फाइल घेऊन आले. "आधी सुनेचं लिहा. एम.ए., बी.एड. मुलाचं त्याच्या खाली. तो नुसता बी.कॉम. आहे." आतून मुलगा ओरडला, "बाबा, नुसता काय नुसता!" सगळे हसले. मीही हसले, पण पुढच्या घराकडे जाताना मनात भरलेला रकाना खोडावा लागला.

दुसऱ्या दिवशी मुसलमान मोहल्ल्यात एक शिवणकाम करणारे चाचा तोंडातला दोरा दाताने तोडत म्हणाले, "लडके तो आठवी के बाद गॅरेज पे बैठ गए, मॅडम. दिमाग लडकियों में आया है." दोन्ही मुली कॉलेजात होत्या. एक सायन्सला. हाही रकाना खोडला.

तिसऱ्या दिवशी आमच्यासारख्यांची आळी. दुमजली घर, दारात ट्रॅक्टर. ओसरीवर बसलेल्या नानांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळ्या घराचं एका दमात सांगितलं. मुलगा बारावी. "आनि सून दहावी शिकेल शे. बठ्ठं लिखी ल्या." मी सगळं लिहून घेतलं. फाटकापर्यंत आले तर मागून सून धावत आली. मी पाण्याची बाटली विसरले होते. बाटली हातात देताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी बी.फार्म. आहे."

"मग नाना दहावी का म्हणाले?"

"लग्नात तसंच सांगितलं होतं. हे बारावी आहेत ना." तिने मागे वळून पाहिलं. "राहू द्या. लिहिलंय ते राहू द्या."

मी रस्त्यात उभीच राहिले. चार वर्षं शिकून मिळवलेली पदवी एक बाई बाटलीसोबत माझ्या हातात देऊन परत मागून घेते! संतापाने माझे कान तापले होते. पण ते दुसऱ्याचं घर होतं, म्हणून संतापणं सोपं होतं.

त्याच रविवारी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला असोद्याला बोलावून घेतलं. धाकट्या बहिणीला स्थळ आलं होतं. बहीण एम.एस्सी. आहे, तेही रसायनशास्त्रात. मुलगा बारावी, पण जमीन भरपूर, घर चांगलं. परिचयपत्र लिहायचं होतं आणि माझं अक्षर बरं, म्हणून मला बोलावणं. मी स्वच्छ कागदावर जन्मतारीख लिहिली, उंची लिहिली. शिक्षणाशी आले तेव्हा आबा म्हणाले, "बारावी लिही."

"कोण बारावी?"

"तुझी बहीण. मुलाच्या बरोबरीचं दिसलं पाहिजे."

स्वयंपाकघरात पोळपाटावरचं लाटणं थांबलं. बहीण आत पोळ्या करत होती. महिन्याभरापूर्वी तिने एका कंपनीतल्या प्रयोगशाळेसाठी अर्ज केला होता. बारावी म्हणून त्या घरात गेली तर डिग्री कायमची पेटीच्या तळाशी. नोकरी मागायची तर आधी सगळ्यांसमोर खोटं ठरायचं. हे तिला कळत होतं, आणि ती बोलत नव्हती.

मी बोलले. धुळ्याच्या त्या सुनेचं सांगितलं. आवाज चढला. आबा म्हणाले, "तुले लिहायले बोलावलं, भाषण करायले नाही."

"भाषण तर भाषण. या घरात कुणा बाईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिथून आम्ही दोघी इथवर आलो आणि तुम्ही..."

"पाहिलं होतं," आई म्हणाली.

ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी दहावी आहे. फर्स्ट क्लास."

मला वाटलं आई चेष्टा करतेय. मी हसलेसुद्धा. मग आबांकडे पाहिलं. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

आईचं माहेर पहूरचं. तिने जे सांगितलं ते एवढंच. आमच्या आजीची, म्हणजे आबांच्या आईची, थोरली सून सातवी शिकलेली होती. ती माहेरी पत्रं लिहायची, आणि एका पत्रावरून घरात अशी आग लागली की चुली वेगळ्या झाल्या. तेव्हा आजीने ठरवून टाकलं, धाकटी सून सहीपुरतीही शिकलेली नको. स्थळ तर चांगलं होतं. म्हणून पहूरच्या आजोबांनी बैठकीत सांगितलं, पोरीने शाळा पाहिलेलीच नाही. आई नांदायला आली ती अंगठा घेऊन.

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षी कळलं," आबा म्हणाले. "बोअरच्या मोटरीचं पुस्तक आलं व्हतं. मी सातवी, मले काही लागेना. हिनं दार लावून वाचून दाखवलं."

दार लावून! मला एकेक गोष्ट आठवायला लागली. फळीवर वर्तमानपत्राचा कागद अंथरायला आईला तासभर लागायचा. मी म्हणायचे, किती हळू काम करते. जळगावच्या स्टँडवर ती कधी चुकीच्या बसमध्ये चढली नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवण्याआधी ती पान बराच वेळ हातात धरून बसायची. मला वाटायचं, शाईच्या डब्याची वाट बघतेय.

"मग आजी गेल्यावर तरी सांगायचं!"

"सांगणारच होते," आई म्हणाली. "तेवढ्यात तुझा सत्कार झाला. तू माईकवर बोललीस. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. त्यात उठून मी काय सांगू, माझी पोरगी चुकतेय म्हणून?"

पदवी माझी आहे, ती कष्टाचीच आहे. पण ज्या वाक्यावर उभी राहून मी ती सगळ्यांना दाखवत आले, त्या वाक्याखाली आई गप्प बसून होती.

आईने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि माझ्यासमोरून कागद ओढून घेतला. पेन धरताना बोटं थोडी अडखळली. मग शिक्षणापुढे तिने लिहिलं: एम.एस्सी., रसायनशास्त्र. ठसठशीत, उजवीकडे कललेलं अक्षर. माझ्यापेक्षा चांगलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"ते लोक नाही म्हणतील," आबा म्हणाले.

"म्हणू दे."

सोमवारी मी परत नानांच्या फाटकाशी उभी होते. या वेळी म्हणाले, "नाना, सुनेला बोलवा. तिच्या तोंडून लिहायचं आहे." ती आली. मी विचारलं, "शिक्षण?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे, मग हातातल्या चहाच्या ट्रेकडे.

"दहावी," ती म्हणाली.

नाना हसले. "सांगेल व्हतं ना मी!"

तिला धीर द्यायला गेले आणि ते खोटं तिच्याच तोंडून वदवून घेतलं. चहा तसाच ठेवून मी निघाले.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. स्थळाने कळवलं होतं, मुलगी जास्त शिकलेली आहे, जुळणार नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुसरं स्थळ आलं, तेव्हा स्वतःच कोरा कागद आणून त्यांनी आईपुढे ठेवला. बहिणीने त्याचा फोटो पाठवला. तेच उजवीकडे कललेलं अक्षर. मुलगी: एम.एस्सी. वडील: शेती, सातवी. त्याखाली आईची ओळ होती. गृहिणी, आणि पुढे स्वल्पविराम. दहावी मात्र लिहिलेलं नव्हतं.

मी लगेच फोन लावला. "आई, पुढचं का नाही लिहिलंस?"

"आबांची सातवी वर आहे ना," ती म्हणाली. "बरं दिसत नाही."