आधी इजा, मग अपमान

आमच्या क्लासच्या सरिता मॅडम पालीलाही घाबरतात, पण इंग्रजीच्या चुकीला त्यांच्याकडे माफी नाही. त्या दिवशी नववीला 'ॲड इन्सल्ट टू इंज्युरी' शिकवत होत्या. नुसता अपमान झाला तरी पोरं हा वाक्प्रचार ठोकून देतात. मॅडम म्हणाल्या, "आधी इजा व्हावी लागते. ती झालेल्या माणसाचाच वर अपमान केला, तर हे वापरायचं. जखमेवर मीठ चोळणं त्याच्या जवळचं. पण मिठानं झोंबतं, इथं मान खाली जाते."

दुपारी त्यांना नवऱ्यासोबत, राजकुमारसोबत, वाळूजला कंपनीत जायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशिनखाली गेली होती. हात वाचवणारं मशिनचं गार्ड सुपरवायझरनंच काढायला लावलेलं. टार्गेट गाठायचं तर सगळेच तसं चालवत. आता कंपनीनं कागद तयार ठेवला होता: चूक माझीच. सही केली तर गेटवर हलकं काम, नाही तर घरी. दोन लेकरं, भाड्याची खोली. बाईला भीती वाटणार नाही तर काय होणार?

"करून टाका सही," रिक्षात त्या म्हणाल्या. "मला लई भ्याव वाटायलंय."

"बघू," राजकुमार म्हणाला.

ऑफिसात साहेबानं कागद पुढं केला, राजकुमारच्या हाताचं बँडेज पाहिलं आणि शाईचं पॅड सरकवलं. "सही राहू दे. अंगठा लाव. तुमच्यात चालतंच की."

राजकुमारची आजी मुक्ताबाई साठीला आल्यावर पाटी घेऊन बसली, ती एवढ्यासाठीच. त्यानंतर त्या घरात कुणी अंगठा लावलेला नाही. मॅडमना हे माहीत होतं, म्हणून त्या जास्तच घाबरल्या. त्यांनी मागून नवऱ्याचा शर्ट घट्ट धरला.

त्यानं डाव्या हातात पेन घेतलं. साहेब घड्याळ बघत राहिला. चांगली पाच मिनिटं लागली. कागदावर उमटलं: वाचलं. मान्य नाही. खाली पूर्ण नाव.

साहेबानं ते वाचलं. "गेटचा पास ठेवून जा," म्हणाला.

गेटबाहेर मॅडमनी रिक्षा केली नाही, चालायलाच लागल्या. नोकरी गेली, उद्यापासून काय, हेच डोक्यात.

"अक्षर बरं आलं का?" राजकुमारनं विचारलं.

"नावातला 'कु' तेवढा वाकडा आलाय," त्या म्हणाल्या, आणि रस्त्यातच रडायला लागल्या.