सहाच्या म्होरलं पीठ

मध्यंतरी एका सकाळी आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक माहिती आली. 'तुम्हाला माहीत आहे का? निपाणी भागात सहाच्या म्होरलं पीठ नावाचा प्राचीन पदार्थ करतात. सहा म्हणजे षड्रिपू... त्यांच्या पलीकडे नेणारं ते सात्त्विक अन्न.'

खाली सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले... आणि मग लक्षात आलं, अरे, हे तर आमच्या आईचं पीठ!

त्याचं असं झालं. मी नोकरीमुळं बेळगावात खासबागेत राहतो, आई निपाणीजवळ गावीच असते. तिथं शेजारच्या पारूआक्कांच्या घरात पुण्याची सून आली आहे, स्नेहल. तिचं जुन्या पदार्थांचं यूट्यूब चॅनेल आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर ती आईकडं आली आणि म्हणाली, आजी, तुमच्या लहानपणचं काहीतरी करून दाखवा. आईनं गहू आणि डाळं भाजलं, दळलं, गूळ-दूध घालून वाटीत कालवलं. ह्याला काय म्हणतात, असं विचारल्यावर आई म्हणाली, "सहाच्या म्होरलं पीठ."

आता इथं आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. पीठ साधं सातूचं होतं. पण माझ्या वडिलांचं नाव साताप्पा... आणि आईच्या पिढीत नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. नाव तर नाहीच, नावाच्या वळणाचा शब्दही नाही.

त्यामुळं आमच्या घरात सातची बस ही 'सहाच्या म्होरली बस' होती. साताऱ्याचे पाहुणे 'कराडच्या पल्याडचे' होते. आई आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायची, पण सहाचा झाला की थेट आठाचा... मधला माझा अजून कच्चा आहे.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. आईचा नियम मात्र तसाच राहिला.

स्नेहलला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं तेच नाव ठळक अक्षरांत टाकलं आणि व्हिडिओ सुटला तो सुटलाच. एका पेजनं लिहिलं, सहा धान्यं उघड सांगतात आणि पुढचं गुप्त ठेवतात. दुसऱ्यानं लिहिलं, हा शब्द जुन्या कन्नडातून आला आहे.

मी खाली नम्रपणे लिहिलं, 'हे सातूचं पीठ आहे, मी ह्या आजींचा मुलगा.' एका गृहस्थांनी उत्तर दिलं, 'आधी अभ्यास करा.'

मग वारं फिरलं. कुणीतरी जाणती बाई म्हणाली, हे तर साधं सातू, व्ह्यूज मिळवायला पोरीनं बनावट नाव ठेवलंय. झालं... चार दिवस लोक स्नेहलला खोटारडी म्हणत होते. घरात पारूआक्का म्हणाल्या, बंद कर ते सोंग, आमच्या घराची शोभा व्हायला लागली.

रविवारी मी गावी होतो. स्नेहल आली ती रडून लाल झालेले डोळे घेऊन. आईजवळ बसून म्हणाली, "आजी, एकदाच कॅमेऱ्यासमोर सांगा, हे सातू आहे म्हणून. नाहीतर चॅनेल बंदच करावं लागेल मला."

मी म्हटलं, मी सांगतो की. त्यावर ती म्हणाली, "काका, तुमच्यावर कोण विश्वास ठेवतंय?" खरंच होतं ते.

 आई हळूच म्हणाली, "तोंडातनं न्हाय यायचं गं ते, पोरी." आणि उठून आत गेली. मला वाटलं, संपलं...

थोड्या वेळानं आई बाहेर आली ती धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. पाटावर बसली. "लाव तुझा मोबाईल," म्हणाली.

स्नेहलनं मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. आईनं त्याच्याकडं बघून नमस्कार केला आणि एका दमात म्हणाली,

"जात्यावर दळलं, चाळणीनं चाळलं,
साताप्पांच्या नावापायी पिठाचं नाव टाळलं."

 उखाण्यात नाव घ्यायला मुभा असते, हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

कुंपणापलीकडून पारूआक्का म्हणाल्या, "व्हय गं, आत्ता लगीन लागल्यागत लाजालीस की."

आई खरंच लाजली होती. पदर सारखा करत म्हणाली, "लाजू न्हाय तर काय. हे गेल्यापासनं नाव घे म्हणून मला कोण म्हणलंच न्हाय गं."

बारसं असो, हळदीकुंकू असो, नाव घ्या म्हणून आग्रह सवाष्णींना होतो. आई एवढी वर्षं त्या घोळक्यात मागं बसत होती, हे मला दिसलं नव्हतं असं नाही. पण तिला काही म्हणायचं असेल, असं वाटलं नव्हतं.

तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला, स्नेहलचं चॅनेल वाचलं. पारूआक्का आता स्वतःच विचारतात, माझा नंबर कवा? मी भजनी मंडळाच्या ग्रुपवर पूर्ण खुलासा टाकला. त्यालाही सगळ्यांनी हातच जोडले... आणि षड्रिपूंची पोस्ट अजून फिरते आहे.

मी रोज संध्याकाळी माळ घेऊन बसतो. तोंडानं देवाचं नाव चालू असतं आणि मन बस स्टँडवर असतं. आईनं नाव टाळलं, पण प्रत्येक वेळी टाळण्याआधी ते आठवलं असणारच ना...

काल फोनवर विचारलं, आई, पीठ आहे का शिल्लक? म्हणाली, "सहाच्या म्होरलं व्हय? हाय की."

स्नेहल, तुझे आभार मानायचे राहिले होते, बाळ. आम्ही घरातल्यांनी जे विचारायला हवं होतं, ते नकळत तू विचारलंस.