डेटलेफची झारी

'थंडीचे संत' म्हणतात ते मेच्या मध्यापर्यंतचे गारठ्याचे दिवस सरेपर्यंत लाइपझिगमध्ये कुणी रोप बाहेर काढत नाही. डेटलेफनेही तारीख पाळली आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीतलं, आता कायद्याने घरी लावता येणारं गांजाचं रोप बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत, भर उन्हात लावलं. पानांनी माना टाकल्या, तसा तो पाणी ओतत सुटला.

शेजारच्या रोझविथाने चाळीस वर्षं रोपवाटिकेत काढली होती. तिने त्याची झारीच काढून घेतली.

"तारीख बघितलीस, ऊन नाही बघितलंस! सावलीत ठेव, आणि आता पाणी बंद."

चौथ्या दिवशी डेटलेफ दारात हजर.

"काकू, पानं ताठ झाली! झारी द्या ना."

"मातीत बोट घाल. कोरडं निघालं तरच ये."

तो धावत जाऊन आला. रोझविथाने त्याच्या बोटावरचा चिखल पाहिला आणि दार लावून घेतलं.