सात नंबरची खोली

मामाला हॉटेलची खोली ऑनलाइन बुक करून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि पहिल्या दहा मिनिटांतच माझं डोकं फिरलं. लॅपटॉपवर फोटो उघडला रे उघडला की मामा चष्मा कपाळावर चढवून नाक खुपसायचा आणि निकाल द्यायचा. ही नको, फोटो बाथरूमच्या दारात उभं राहून काढलाय, म्हणजे आत बॅग ठेवायला जागा नाही. ती नको, पलंगावर सहा उशा मांडल्यात, गादी बसलेली असणार. 'फक्त एकच खोली शिल्लक' असं लाल अक्षरांत आलं तेव्हा तर तो पोट धरून हसला. ही थाप तो स्वतः फोनवर रोज मारायचा म्हणे.

मारायचाच. नदीकाठच्या एका तीन मजली हॉटेलात चौतीस वर्षं तो काउंटरला होता. माणूस दारातून काउंटरपर्यंत चालत येईतो मामा त्याची खोली ठरवून मोकळा. कोण घोरणार, कोण भांडून आलंय, सगळं त्याला चालण्यावरून कळायचं. ओळखी सांगून वशिला लावणाऱ्याला तोंडभर हो म्हणायचा आणि जिन्याखालची खोली द्यायचा. सुट्टीत आम्ही भाचरं हे ऐकून गडाबडा लोळायचो. काय दिवस होते ते! भिंतीला टेकून बसलेला मामा, मटार सोलणारी मामी, आणि आमचं एकच पालुपद, अजून सांग, अजून सांग.

सगळ्यात जास्त सांगायचा तो सात नंबरचं. तळमजल्यावरची, नदीकडे खिडकी असलेली, हॉटेलातली सगळ्यात चांगली खोली. ती तो संध्याकाळी सहाच्या आत सहजासहजी कुणाला द्यायचा नाही. मालक बोंबलायचा, मामा ढिम्म. कुणीतरी खरोखरीचं दमलेलं येतं, कडेवर पोर घेतलेली बाई, नाहीतर दवाखान्यातून आलेला म्हातारा. सात नंबर त्यांची. कुणीच नाही आलं, तर मग सहानंतर जो येईल त्याची.

मामीनं ती खोली कधी पाहिली नव्हती. कामगारांच्या घरच्यांनी आत यायचं नाही, असा तिथला नियम. मामी गावाकडे दोन पोरांना घेऊन राहायची आणि मामा आठवड्यातून एक दिवस घरी यायचा. एकदा पोरांना घेऊन ती त्याला डबा द्यायला गेली, तर मागच्या दारातूनच परत आली. तरी खिडकीची कडी वर उचलून मग ओढावी लागते, इथपर्यंत सगळं तिला तोंडपाठ.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठलेल्या मामीला मी विचारलं, काय हवंय तुला? ती म्हणाली, सात नंबर बघायची आहे, एकदा. आयुष्यात तिनं तोंडानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. हॉटेलला सरळ फोन कर म्हटलं, तर मामा भडकला. ओळख सांगून खोली मागू? मी?

म्हणून हा ऑनलाइनचा खटाटोप. इकडची तिकडची हॉटेलं बघून त्यानं मुद्दाम वेळ काढला, आणि शेवटी एकदाचं त्याचं हॉटेल उघडलं. पाच होती, सहा होती, आठ होती. सात नव्हतीच. मामानं तीनदा यादी खालीवर केली. मग चष्मा काढून म्हणाला, अडगळीची केली असेल. त्या दिवशी तो नीट जेवलासुद्धा नाही. शहाणपणा करून मी तिथलीच दुसऱ्या मजल्यावरची नदीकडची खोली बुक केली. लिफ्ट नाही, हे मला बुक झाल्यावर दिसलं. मामी म्हणाली, असू दे, बसत बसत चढेन.

पोचेपर्यंत बसच्या धक्क्यांनी तिचा चेहरा उतरला होता. दारातल्या बाकावर ती टेकली ती टेकलीच. काउंटरला तिशीतली एक मुलगी होती. गप्प राहा, असं मामानं मला डोळ्यांनीच बजावलं. मुलीनं आमचं बुकिंग बघितलं, मग आमच्या मागे मामीकडे बघितलं, आणि खिळ्यावरून एक किल्ली काढून पुढे ठेवली. पितळी बिल्ला, त्यावर सात.

"ही घ्या काका, खालचीच आहे. ही आम्ही ऑनलाइन टाकत नाही, दमून आलेल्यांसाठी ठेवतो. पूर्वी इथे कुणी काका होते, त्यांनी पाडलेली रीत आहे."

मामाचे डोळे भरलेले मला स्पष्ट दिसले. आणि मग या माणसानं काय करावं? घड्याळाकडे बघितलं, साडेचार वाजत होते, आणि किल्ली मागे सरकवली. आमची वरची बुक आहे म्हणाला, आम्ही चढू हळूहळू, सहा वाजायला वेळ आहे, कुणीतरी दमलेलं येईल. मला तर त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

बाकावरून मामी उठली. काठी टेकत, थांबत थांबत काउंटरपाशी आली.

"अहो," ती म्हणाली, "कडेवर पोर घेऊन मीही उभी होते की मागच्या दारात. चौतीस वर्षं दमलेल्यांना ही खोली दिलीत. आता माझ्याकडे बघा जरा."

मामानं बघितलं. काउंटरला असताना दारातून येणाऱ्याकडे बघायचा, तसं बघितलं. काठी, सुजलेला गुडघा, घामेजलेलं कपाळ. ती मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली आणि हळूच उठून उभी राहिली.

मामानं किल्ली घेतली. मी बॅगेला हात घालायच्या आत त्यानं ती स्वतः उचलली आणि कडेला होऊन मामीला वाट करून दिली.

"या बाई," तो म्हणाला, "इकडून. उंबरा आहे, जपून."