पान तीन, तळटीप सात

बेसमेंट असलेल्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात: रिकामी खोकी आणि किस्से. खोकी निदान वर्षातून एकदा कोणीतरी बाहेर काढतं. किस्से कोणी टाकून देत नाही. मी ते नीट सांगू शकेन की नाही, शंकाच आहे. पण सगळं माझ्यासमोर घडलंय, एवढं नक्की!

*

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये, प्राची आणि निखिल या जोडप्याचं बेसमेंट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, आम्ही वीस-बावीस मराठी माणसं तिथे सिनेमा बघतो. सिनेमा आळीपाळीने निवडायचा आणि ज्याची पाळी त्याने आधी दोन मिनिटं बोलायचं, एवढाच नियम.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी सव्वीस मिनिटं बोललो. सगळे इतके शांत होते की मला वाटलं, लोक रंगून गेलेत! शेवटी निखिलने हात वर केला.

"काका, आज सिनेमा पण दाखवणार ना?"

*

आता मालतीमावशी. प्राचीची आई, नागपूरची, वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. "कॉपी करणारं पोर मी दारातूनच ओळखायची," असं त्या सांगतात, आणि ते खरं असावं. कारण एकदा इंग्लंडमधल्या हवेलीतल्या खुनाचा सिनेमा लागला होता. दहाव्या मिनिटाला मावशींनी जाहीर केलं, "हा माळी."

"आई! कशावरून?"

"पाणी झाडांना घालतोय, बघतोय खिडकीकडे."

दोन तासांनी माळीच निघाला!

तेव्हापासून रहस्यपट असला की निखिल त्यांच्या हातात आवळा सुपारीची डबी ठेवतो. तोंडात सुपारी असेपर्यंत बोलायचं नाही, असा करार. पुढच्याच सिनेमात मावशींनी सुपारी गालात सरकवली आणि म्हणाल्या, "नवरा."

नवराच होता.

*

माझी दुसरी पाळी. एक माणूस स्टेशनवर गाडीची वाट बघतो, अडीच तास. मला तो सिनेमा फार थोर वाटतो. चाळिसाव्या मिनिटाला निखिलचा मित्र अमोल उठून राउटरपाशी गेला.

"काका, बफरिंग होतंय का?"

"नाही रे, तो विचार करतोय."

"अच्छा. किती वेळ करणारे?"

त्या दिवशी प्राचीने मला किचनमध्ये गाठलं. "काका, राग मानू नका. पण ग्रुपवर सगळे म्हणतायत, फॉरेन सिनेमे आता बंद करू या. तुमची एक पाळी आहे अजून. ती नाही चालली तर मग..." आणि वाक्य तसंच सोडून ती डिशवॉशर भरायला लागली.

मी रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. जन्मभर केमिस्ट्रीत संशोधन केलं, आता त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. कोणाला काहीतरी उत्साहाने सांगावं असा माझ्याकडे तो एक रविवारच आहे. घरी येताना दोन एक्झिट चुकलो.

*

म्हणून मी हुकमाचं पान काढलं! चाळीसेक वर्षांपूर्वी पीएचडी करताना मॅटिनीला पाहिलेला एक इटालियन सिनेमा. थिएटरात आम्ही चौघे होतो, त्यातला एक झोपला होता. नंतर कोणी त्या सिनेमाचं नावही काढलं नाही. पण मी त्या भर दुपारी घरी चालत जाताना तीनदा मागे वळून बघितलं होतं!

या प्रकाराला 'जाल्लो' म्हणतात. इटालियनमध्ये जाल्लो म्हणजे पिवळा. तिकडे स्वस्तातल्या रहस्यकथांना पिवळी कव्हरं असत. सिनेमातल्या जाल्लोत काळे हातमोजे, चकाकता वस्तरा, भडक रंग आणि कामाचे न धामाचे पोलीस.

मी ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं: "इटालियन सिनेमा. खूप रंगतदार." लगेच अमोलचा फोन.

"काका, परफेक्ट! त्या दिवशी आमची अ‍ॅनिव्हर्सरी आहे. केतकीला घेऊन येतो. इटालियन म्हणजे रोमँटिकच असणार!"

"अरे, पण त्यात..."

"सरप्राइज, काका! एक शब्द सांगू नका!"

मी एक शब्द सांगितला नाही. भिडस्त माणसाचं असंच होतं.

*

पण बाकीच्यांना पूर्वतयारी हवी, असं मला वाटायला लागलं. रक्त बघून कोणी घाबरलं तर? म्हणून मी चार पानी टिपण लिहिलं, पीडीएफ केली आणि ग्रुपवर टाकली. गोष्ट साधी: तळ्याकाठचं गाव, तिथला फोटो स्टुडिओ. ज्याचा फोटो दर्शनी काचेमागे लागतो, त्याचा खून होतो.

शुक्रवारी सहज टिपण पुन्हा वाचायला घेतलं आणि एका ओळीवर थांबलो. पान तीन, तळटीप सात: "स्टुडिओची काच पुसणाऱ्या म्हातारीचे हातमोजे पाहावेत. खुनाच्या वेळी तिच्या हातात हेच असतात."

खुनी कोण, ते मीच छापून वाटलं होतं! डिलीट करायची मुदत केव्हाच संपलेली.

फ्रीमाँटला मुलीला फोन लावला. सगळं ऐकून सायली म्हणाली, "बाबा, रिलॅक्स. तुमच्या पीडीएफ कोणी उघडत नाही."

हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

*

रविवारी तेवीस जण आले. टेबलावर पास्ता होता, पिझ्झा होता आणि शेवयांचा उपमा होता. "इटालियनच आहे," प्राची म्हणाली, "फक्त फोडणी दिलीय." अमोल सुटात, केतकी पैठणीत! मी दोनच मिनिटं बोललो. कोणी टिपण वाचलंय का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

सहाव्या मिनिटाला पहिला खून. नव्या नवरीचा, लग्नाच्या पांढऱ्या झग्यात.

मग अंधारातून केतकीचा आवाज आला, "हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी, अमोल."

आणि काय सांगू, त्यानंतर लोक जे हसले, जे सरसावून बसले! निखिल म्हणे फोटोग्राफर, अमोल म्हणे इन्स्पेक्टर, प्राचीने तर पाद्रीबुवांवर पैज लावली. म्हातारी दर चार मिनिटांनी येऊन काच पुसून जात होती. तिचं नाव कोणीही घेईना!

मला धास्ती फक्त मालतीमावशींची. दहावं मिनिट गेलं. विसावं गेलं. मावशी गप्प. मी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत होतो. सुपारीची डबी मांडीवर, न उघडलेली.

मग तो क्षण आला. काचेवर फडकं फिरतं, कॅमेरा हळूहळू हातावर येतो, आणि ते हातमोजे!

"अगं बाई गं!" मालतीमावशींनी अशी किंकाळी फोडली की निखिलच्या हातातली प्लेट उडाली. पाठोपाठ सगळं बेसमेंट ओरडलं. दिवे लागले तरी कोणी उठेना. "काका, काय पिक्चर आहे यार!" अमोलने मला मिठीच मारली. "आईलासुद्धा ओळखता आलं नाही!" प्राची सगळ्यांना सांगत होती. "काका, पुढची पाळीसुद्धा तुम्हीच घ्या!"

मी कोट घालून निघालो तेव्हा मालतीमावशी दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पर्स उघडली आणि चार घडी घातलेले कागद काढले. माझं टिपण! प्रिंट काढलेलं, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. तिसरं पान वर घेतलं आणि तळाशी बोट ठेवलं.

"प्रोफेसर," त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तळटिपा जरा मोठ्या अक्षरात द्या. भिंग घ्यावं लागलं मला."